प्रकरण अकरावे : शेवटच्या प्रश्नाला गप्प बसायचं

अध्यापिका विद्यालयाच्या मान्यतेसाठी समिती येणार त्या दिवशी सकाळी गिरजाबाईंनी पुरणाची डाळ चुलीवर ठेवली आणि कस्तुराकाकींनी मासवडीचं सारण परतायला घेतलं, तेव्हाच नीलाला कळून चुकलं की घरात पुन्हा दोन पक्ष पडले आहेत.

"गोडाधोडाचं खाल्लं की मानूस पघळतंय," तिच्या सासूबाई गिरजाबाई डाळ ढवळत म्हणाल्या.

"पुन्याच्या मानसांना पुरनपोळीचं काय नवाल?" चुलतसासू कस्तुराकाकींनी सारणात खोबरं घातलं. "मासवडी खाऊ घाला. बोटं चाटीत सही करत्याल."

"सही करत्याल तर करत्याल. न्हाई केली तर मी बी सुटले."

"बघ गं नीला, तुजी सासू कुनाच्या बाजूची हाय ती!"

नीला हसली. सासू कुणाच्या बाजूची आहे हे तिला दिवाळीपासून ठाऊक होतं. दिवाळीतल्या त्या बैठकीत सगळ्या घरानं आपापली जागा सोडून भलतीकडेच उडी मारली होती. नीलाचे सासरे अण्णासाहेब यांचे धाकटे भाऊ साहेबराव, म्हणजे घरातले तात्या, उभे राहून म्हणाले होते, "अण्णा, औंदा समितीनं नाट लावला तर कालेजाची इमारत मला. मी लेथ मशिनं टाकतो. कंपन्यांची कामं दारात चालून येत्यात आन मी पत्र्याच्या खोपटात एक लेथ फिरवीत बसलोय." यावर अण्णासाहेबांच्या बायकोनं, गिरजाबाईंनी, दिराच्या बाजूनं मान डोलवली. वर्षानुवर्षं पाहुण्यांचे आणि तपासणीसांचे स्वयंपाक करून त्या मेटाकुटीला आल्या होत्या. उलट तात्यांची स्वतःची बायको कस्तुराकाकी नीलाच्या शेजारी येऊन बसली होती. "घरात मशीन आलं की कानाचा पडदा जातो, त्यापरीस पोरींची कविता बरी," एवढं बोलून काकींनी नवऱ्याकडे पाठ केली. अण्णासाहेबांनी सगळ्यांचं ऐकलं आणि शब्द दिला. या खेपेस मान्यता नाही आली तर इमारत साहेबची.

तो शब्द ऐकल्यापासून नीलाला अन्न गोड लागत नव्हतं. गेली दोन वर्षं प्राचार्यांच्या खुर्चीत ती बसत होती. सासऱ्यांनी हौसेनं बसवलं होतं, आणि तिला ती खुर्ची मनापासून आवडली होती. खोटं कशाला बोला, लग्नात मिळालेल्या कुठल्याही दागिन्यापेक्षा जास्त आवडली होती.

मोशीच्या या अध्यापिका विद्यालयाचा जन्म कांद्याच्या चाळीत झाला. त्रेसष्ट साली अण्णासाहेबांनी शाळामास्तरची धडधाकट नोकरी सोडली आणि आसपासच्या गावांतल्या मुलींना शिक्षिका करायचं मनावर घेतलं. जागा नव्हती. तात्यांची चाळ नुकतीच रिकामी झाली होती, कांदा चाकणच्या बाजारात गेला होता. थोरल्या भावानं मागितली आणि धाकट्यानं दिली, आणि मग पुढं जन्मभर ऐकवली. पहिल्या तुकडीच्या मुली मागं राहिलेल्या कांद्याच्या उग्र वासानं डोळे पुसत पुसतच शिकल्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, मास्तर पोरींना बदडतो की काय. पण त्याच मुली चिखलीत, आळंदीत, पार खेडच्या वाड्यावस्त्यांवर शाळेच्या बाई होऊन गेल्या. मग कुणी विटा दिल्या, कुणी वासे दिले, कुणी गवंडीकामाला हात लावला, आणि चाळीच्या जागी कौलारू इमारत उभी राहिली.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना जुना एका वर्षाचा अभ्यासक्रम मोडीत निघाला आणि दोन वर्षांचा नवा आला. नव्या अभ्यासक्रमासाठी नव्यानं मान्यता घ्या, असा हुकूम निघाला. गेल्या साली समिती आली, चहा प्यायली आणि नकार देऊन गेली. कारण एकच. विद्यालयाची स्वतःची सराव शाळा नव्हती. होऊ घातलेल्या शिक्षिकांनी खऱ्या मुलांना शिकवून हात बसवायचा, तर ती मुलं आवारातच हवीत.

नीलानं पदर खोचला. आकुर्डीच्या रस्त्याला कामगारांच्या खोल्या झाल्या होत्या, तिथं ती दारोदार फिरली. बीडकडून आलेली, रत्नागिरीकडून आलेली, पिंपरीच्या कारखान्यात लागलेल्या बौद्ध घरांतली, गॅरेजवाल्या चांदभाईच्या गल्लीतली, अशी सगळी पोरं तिनं गोळा केली. कुणी 'काय करायलाव' म्हणे, कुणी 'खंय गेलेलंस' म्हणे. वर्षभरात पहिली ते चौथीचे वर्ग भरले. आज त्यातल्या चौथीवर समितीसमोर पाठ व्हायचा होता, आणि पाठ घेणार होती चांदभाईची थोरली मुलगी ताहेरा.

*

ताहेरा ऑफिसच्या दारात उभी होती. पांढरी साडी, हातात पाठाचं टाचण, आणि ओठ कोरडे पडलेले.

"बाई, एकदा बघता?"

नीलानं टाचण डोळ्यांखालून घातलं. विषय बाष्पीभवन. सगळं पंचपदीच्या, म्हणजे पाठाच्या ठरलेल्या पाच पायऱ्यांच्या, शिस्तीत होतं. सुरुवातीला प्रस्तावना, म्हणजे मुलांच्या माहितीतले सोपे प्रश्न. कपडे कुठं वाळत घालतात? ओले कपडे कशानं वाळतात? आणि मग शेवटचा प्रश्न, ज्याला वर्गानं अडायचं : कपड्यातलं पाणी जातं कुठं?

"शेवटच्या प्रश्नाला घाई करू नकोस," नीला म्हणाली. "वर्ग गप्प होऊ दे. मुलांना आपल्याला हे येत नाही असं वाटलं पाहिजे. ती शांतता समितीला ऐकू येऊ दे. मगच म्हणायचं, आज आपण हेच शिकणार आहोत."

"आणि बाई, कुणाला उत्तर आलं तर?"

"चौथीतल्या मुलांना? बाष्पीभवन?" नीलाला हसू आलं. "कुठून येणार?"

कुठून येणार ते तिला तासाभरातच कळलं.

*

समितीच्या अध्यक्ष सुभद्राबाई सरळ अंगाच्या, सरळ नाकाच्या बाई होत्या. सोबत दोन सदस्य होते, ते बहुतेक वेळ सुभद्राबाईंच्या तोंडाकडे बघत. तिघं वर्गात मागं खुर्च्यांवर बसले. नीला भिंतीला टेकून उभी राहिली. दारापाशी अण्णासाहेब कोट घालून उभे होते, आणि त्यांच्या मागं, नीलाला आश्चर्य वाटलं, तात्या होते. कामाचे तेलकट कपडे बदलून, धुतलेली टोपी घालून आले होते. इमारत पदरात पडताना डोळ्यांनी बघायला आले असतील, असं तिच्या मनात आलं आणि तिला रागही आला.

"कपडे कुठं वाळत घालतात?" ताहेरानं विचारलं.

हात वर झाले. दोरीवर. कुंपणावर. गच्चीत. एकानं 'इंद्रायणीच्या दगडावर' सांगितलं आणि सुभद्राबाईंनी किंचित मान हलवली. पाठ छान रंगायला लागला होता.

"आणि ओले कपडे कशानं वाळतात?"

"उन्हानं! वाऱ्यानं!"

"शाब्बास. मग मला सांगा," ताहेरानं आवाज खाली आणला, जसा आणायला हवा तसा, "त्या कपड्यातलं पाणी जातं कुठं?"

ती थांबली.

"वाफ होऊन हवेत जातं!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. "या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात!"

फळ्यावरचा खडूसुद्धा दचकला असेल. ताहेरा उघड्या तोंडानं वर्गाकडे बघत राहिली. आता शिकवायचं काय? शिकवायला काही उरलंच नव्हतं. पहिल्या रांगेतल्या मुलीला बाईंची दया आली. तिनं उभं राहून सुचवलं, "बाई, आता तुम्ही फळ्यावर नाव लिहायचं."

एका सदस्यानं रुमाल तोंडाला लावला. सुभद्राबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून पुढं आल्या.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, बाळांनो?"

मुलांना वाटलं, बक्षीस मिळणार. सगळी एकदम बोलायला लागली.

"अण्णांनी सांगितलं, शेवटच्या प्रश्नाला गप्प बसायचं!"

"रोज परार्थना झाली की बसवत होते!"

"पण तात्यांनी सांगितलं, गप्प न्हाई बसायचं, बोलायचं!"

"तात्यांनी लिमलेटच्या गोळ्या दिल्या!"

आता कुणाचं ऐकायचं, याचा निर्णय वर्गानं का आणि कसा घेतला ते वेगळं सांगायला नको. अण्णासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. तात्या जमिनीकडे बघत होते. नीलाच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे शेवटी तात्यांनी डाव साधला तर! इमारतीसाठी मुलांना गोळ्या चारल्या!

अण्णासाहेब पुढं झाले. "मॅडम, मुलं आहेत. थट्टा करताहेत. असं काही..."

"नाही," नीला म्हणाली.

आपण मोठ्यानं बोललो हे तिला नंतर कळलं. सासऱ्यांचा शब्द तिनं आजवर घरातही खोडला नव्हता, आणि इथं चारचौघांत खोडत होती. पण ज्या मुलांना खरं बोला म्हणून शिकवायचं, त्यांना समितीसमोर खोटं पाडायचं हे तिच्यानं होईना.

"मुलं खरं सांगताहेत. पाठ आधी बसवून घेतला होता. मला माहीत नव्हतं, पण मी प्राचार्य आहे, तेव्हा चूक माझी. हा पाठ धरू नका. विषय तुम्ही द्या, वर्ग तुम्ही निवडा. आमची मुलगी आत्ता, तयारीशिवाय शिकवेल. त्यावरून काय ते ठरवा."

ताहेरानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की नीलाला आपण फार बोललो असं वाटून गेलं.

सुभद्राबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "या मुलांचं तर सगळंच पाठ झालेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर दाराकडे वळली. "तात्या कोण?"

तात्यांनी टोपी नीट केली. "मी."

"आत या. बसा खाली, मुलांत. मुली, तुझा विद्यार्थी हा. मुलांना उत्तर आधी सांगायचं नसतं, हे यांना शिकव. यांना पटलं तर तुझा पाठ झाला."

*

तात्या तरटपट्टीवर मांडी घालून बसले. शेजारच्या पोरानं सरकून जागा दिली आणि खिशात गोळ्या आहेत का हे हळूच चाचपून पाहिलं.

ताहेरानं टाचण टेबलावर पालथं घातलं. मग म्हणाली, "तात्या, तुमच्या लेथवर नवीन माणूस आला तर त्याला टूल कसं लावायचं ते तुम्ही पहिल्या दिवशी सांगता?"

"पहिल्या दिशी?" तात्या खुलले. लेथचा विषय निघाला की ते समिती-बिमिती विसरत. "सांगून काय उपेग? एका कानानं ऐकंल, दुसऱ्यानं सोडंल. मी म्हनतो, लाव तुज्या मनानं. मग ते खरखर खरखर वाजाया लागतंय. जॉब खराब व्हतो. त्योच धावत येतो, तात्या, कुठं चुकलं?"

"आणि मग?"

"मंग दावायचं. मंग त्यो जल्मात इसरत न्हाई."

"आणि तो चुकायच्या आधीच दाखवलं तर?"

"ध्यानात ऱ्हात न्हाई ना, पोरी! त्येला आधी अडाया पायजे. अडल्याबिगर मानूस बघत न्हाई."

"मग तात्या," ताहेरानं अगदी मऊ आवाजात विचारलं, "या मुलांना तुम्ही अडू का दिलं नाहीत?"

तात्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. वर्ग गप्प झाला. सकाळपासून नीला ज्या शांततेची वाट पाहत होती ती आता अशी आली होती, आणि तीही चौथीच्या मुलांच्या नव्हे, पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडून.

"आयला," तात्या शेवटी म्हणाले, "मलाबी अडिवलंस की गं!"

मुलं खिदळली, तात्या हसले, रुमालवाल्या सदस्यानं रुमाल खिशात ठेवून उघड हसायला सुरुवात केली. ताहेरानं फळ्याकडे वळून खडू उचलला. "आज आपण हेच शिकणार आहोत," ती म्हणाली.

*

समितीनं पुरणपोळीही खाल्ली आणि मासवडीही. गाडीत बसताना सुभद्राबाई नीलाला म्हणाल्या, "बसवलेले पाठ मी जिल्हाभर बघते. ते बसवलेत म्हणून सांगणारी प्राचार्य आज पहिल्यांदा बघितली. मान्यतेची शिफारस आजच करते. पण त्या तात्यांना वर्गापासून लांब ठेवा."

गाडी वळणाआड जाईपर्यंत नीला तशीच उभी होती. मग आधी हसू आलं आणि लगेच रडू. काकींनी तिला जवळ घेतलं. गिरजाबाईंनी हात नाचवत "आता जल्मभर सैपाक करा!" म्हटलं खरं, पण साखर त्यांनीच आणली आणि सुनेच्या तोंडात स्वतःच्या हातानं घातली. बाजू पुन्हा बदलली होती आणि त्याचा त्यांना पत्ताही नव्हता.

घरातली पंगत बसली ती दुपार कलल्यावर. अण्णासाहेब सुनेशी काही बोलत नव्हते. भाताचा डोंगर तसाच ठेवून बसले होते. मग एकदम म्हणाले, "नीला, मी खोटं बोलणार होतो. तू वाचवलंस." एवढंच बोलून त्यांनी पहिला घास घेतला, आणि नीलाच्या छातीवरचं ओझं उतरलं.

आता राहिले तात्या. ते खाली मान घालून जेवत होते.

"तात्या," तिला राहवलं नाही, "इमारत तुम्हाला हवी होती हे समजू शकते. पण मुलांना हाताशी धरून असं करायचं?"

"कसं करायचं?"

"पाठ मोडायचा."

तात्यांचा हात ताटात थांबला. "मोडायचा? अगं, मी मोडाया कशाला जाईन? अण्णा पोरांना बसवीत व्हता, मी खिडकीतनं बघत व्हतो. समदं येतंय, आन शेवटच्या प्रश्नाला पोरं मुकी. रोज मुकी. मला वाटलं, येत न्हाई बिचाऱ्यांना. समितीम्होरं फजिती व्हईल. म्हनून आकुर्डीला गेलो, तिथल्या कंपनीतल्या साहेबाला इचारलं पानी जातं कुठं, आन येऊन पोरांना सांगितलं."

"पण इमारत..."

"इमारत पायजे व्हती. अजून बी पायजे. पर पोरांनी मान खाली घालून मिळालेली न्हाई पायजे." त्यांनी ताट थोडं मागं सरकवलं. "मला ठावं हाय ते कसं असतंय."

तात्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, तसाच खाली ठेवला आणि थोरल्या भावाकडे पाहिलं.

"अण्णा, शाळंत तपासणीला दिपोटी सायेब आल्याला आठवतोय? मास्तरनं मला हुबा केल्याला?"

"आठवतंय. तू त्या दिवसानंतर शाळेत आलाच नाहीस. वडलांना म्हणालास, मला गुरं राखायचीत."

"गुरं कुनाला राखायची हौस असती? मास्तरनं इचारलं, मावळतीला बुडल्याला सूर्य सकाळी उगवतीला कसा जातो. मला न्हाई आलं. मास्तर हसला, दिपोटी हसला. मी लघवीचं निमित्त करून सुटलो, ते सुटलोच. मला वाटलं, समद्या शाळंत मीच एक ठोंब्या." ते थांबले. विचारू की नको असं करत शेवटी त्यांनी विचारलं, "आज ती चांदभाईची पोर सांगत व्हती तवापासनं डोक्यात घुमतंय. अण्णा, त्यो शेवटचा प्रश्न व्हता का रं?"

अण्णासाहेबांचे डोळे भरून आले. नीलानं सासऱ्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"शेवटचाच होता, साहेब," ते म्हणाले. "मास्तर हसले ते पाठ जमला म्हणून. त्याचं उत्तर कुणालाच येत नव्हतं. मी वरच्या वर्गात होतो, मलाही येत नव्हतं."

तात्या भावाकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशीखाली हळूहळू हसू फुटलं.

"म्हंजी तुलाबी येत नव्हतं!"

"नव्हतं."

"अन् मी उगाच गुरं राखली!" तात्या मांडी ठोकून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. काकी नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनाही कळलं नव्हतं.

"मंग आता तरी सांग की," तात्या म्हणाले. "कसा जातो त्यो?"

अण्णासाहेबांनी ताट बाजूला सारलं. गिरजाबाई "अहो, जेवन तर हुंद्या" म्हणाल्या, पण त्यांनी ऐकलं नाही. पंचपदी त्यांना आठवलीच नसावी, कारण प्रस्तावना न करता त्यांनी सरळ समई जवळ ओढून पेटवली. उरलेल्या पुरणाचा एक गोळा केला, बोटानं त्यावर एक खूण केली. "ही आपली मोशी," ते म्हणाले, आणि समईसमोर गोळा फिरवायला लागले.

तात्या उष्टा हात तसाच धरून पुढं सरकले.

"अण्णा, जरा हळू फिरव," ते म्हणाले. "मला नीट बघू दे."